रेंडर करताना ‘मेमरी अपुरी’: आणखी रॅम घेण्याआधी या चुका टाळा

लग्नसराई सुरू झाली, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील स्टुडिओंतून एकच तक्रार ऐकू येते. एडिटिंग पूर्ण झालेले असते, पार्टी, म्हणजे लग्नघरचे गिऱ्हाईक, फिल्मसाठी रोज फोन करत असते, एक्सपोर्टला लावलेले रेंडर (एडिट केलेल्या फिल्मची अंतिम फाइल बनवण्याची प्रक्रिया) निम्म्यावर जाऊन थांबते आणि पडद्यावर मेमरी अपुरी असल्याचा संदेश येतो. यावर सर्वांना ठाऊक असलेला उपाय एकच, तो म्हणजे आणखी रॅम टाकणे. हा सल्ला प्रत्येक वेळी चुकीचा नसतो. परंतु रेंडर नेमके कुठे थांबले आणि कोणती मेमरी भरली हे न पाहताच तो दिला जात असल्यामुळे पैसे खर्च होतात आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

रेंडरच्या वेळी दोन निरनिराळ्या मेमरी कामाला लागतात. एक मदरबोर्डवरची रॅम आणि दुसरी ग्राफिक्स कार्डावरची स्वतःची मेमरी, जी मागाहून वाढवता येत नाही. ३२ जीबी रॅम असलेल्या संगणकातही कार्ड ४ जीबीचे असेल, तर बहुधा तेच आधी भरते. म्हणून रेंडरला लावताना टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्सचे पान उघडे ठेवावे, जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्डाखालील ‘डेडिकेटेड’ मेमरी आणि मेमरीखालील ‘कमिटेड’ या दोन आकड्यांवर लक्ष ठेवावे, आणि रेंडर थांबले त्या जागेचा टाइमकोड (फिल्ममधील तास-मिनिट-सेकंद) कागदावर लिहून घ्यावा. पुन्हा लावल्यावर ते त्याच जागी थांबले, तर दोष बहुधा तिथल्या क्लिपमध्ये, फोटोमध्ये किंवा इफेक्टमध्ये असतो. दर वेळी निराळ्या जागी थांबले, तर तो संगणकातच शोधावा लागतो. हे दोन आकडे आणि हा टाइमकोड ज्याला सांगता येत नाही, त्याला मी रॅम घेण्याचा सल्ला कधीही देत नाही.

माझ्या पाहण्यात सर्वाधिक वेळा येणारी चूक म्हणजे अल्बमची पाने छपाईच्या आकारातच टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप क्रमाने मांडण्याच्या पट्टीवर, ओढणे. करिझ्मा अल्बमचे, म्हणजे लग्नाच्या छापील डिजिटल अल्बमचे, उघडे पान साधारणपणे १२ बाय ३६ इंचांचे असते आणि ते ३०० डीपीआयवर (इंचामागे ३०० ठिपके) तयार केलेले असते. म्हणजे ते ३६०० बाय १०८०० पिक्सेलचे होते. डिस्कवर ती जेपीईजी फाइल आठ-दहा एमबीची दिसते आणि तिथेच नवशिक्यांची फसगत होते. रेंडर करताना सॉफ्टवेअरला ते चित्र पूर्ण उलगडावे लागते. ३ कोटी ८८ लाख पिक्सेल आणि प्रत्येक पिक्सेलला चार बाइट्स धरले, तर एक पान १५५ एमबी जागा घेते. एक्सपोर्टच्या खिडकीत ‘मॅक्सिमम बिट डेप्थ’वर टिचकी (निवडल्याची खूण) असेल आणि काम ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे चौपट जागा घेणाऱ्या अधिक अचूक पद्धतीत, चालले, तर तेच पान ६२२ एमबीचे होते. याच हिशेबाने फुल एचडीची एक फ्रेम ८ एमबीची आणि फ्लोटमध्ये ३३ एमबीची असते. अंतिम चित्र एवढेसे आणि त्यासाठी उचललेला भार एवढा मोठा, हे प्रमाण एकदा ध्यानात आले की पुढचे सर्व आपोआप समजते.

खानापूर तालुक्यातील एक तरुण याच अडचणीपायी आपला संगणक घेऊन माझ्याकडे आला होता. लग्नाची फिल्म अडीच तासांची, आणि रेंडर प्रत्येक वेळी अखेरच्या अल्बमच्या भागात येऊन थांबत असे. दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याने रॅम १६ जीबीवरून ३२ जीबी केली होती, तरीही एरर जिथल्या तिथे होती. आम्ही त्याचा प्रोजेक्ट उघडून त्या जागेवर गेलो. पानाच्या वर आणि खाली काळी पट्टी दिसू नये म्हणून त्याने तेच पान मोठे आणि धूसर करून मागच्या ट्रॅकवर ठेवले होते. दोन पानांमध्ये पान उलटण्याचे ट्रान्झिशन होते, त्यामुळे त्या क्षणी दोन्ही पाने आणि त्यांच्या दोन्ही धूसर प्रती अशी चार चित्रे एकदम कार्डावर चढत होती. क्वालिटी वाढते असे कुणीतरी सांगितल्यामुळे ‘मॅक्सिमम बिट डेप्थ’ आणि ‘मॅक्सिमम रेंडर क्वालिटी’ या दोन्ही चौकटींवर टिचकी होती. चार चित्रांचेच जवळपास अडीच जीबी झाले. त्यात धूसर करण्याच्या इफेक्टला लागणारी वेगळी जागा, विंडोजचा पडदा आणि मागे उघडा ठेवलेला ब्राउझर, असे सर्व त्या ४ जीबीच्या कार्डात मावणे शक्यच नव्हते. रॅमचा आलेख मात्र निम्म्यावरच होता.

फोटोशॉपच्या स्क्रिप्ट्समधील ‘इमेज प्रोसेसर’ने आम्ही सगळी पाने एकाच वेळी १०८० पिक्सेल उंचीची करून घेतली. पान ३२४० बाय १०८० चे झाले आणि त्याचे वजन १५५ एमबीवरून १४ एमबीवर आले. धूसर प्रत प्रत्येक पानासाठी एकदाच तयार करून साध्या चित्राच्या रूपात ठेवली, दोन्ही टिचक्या काढल्या आणि रेंडर लावले. ते सलग पूर्ण झाले. तेव्हापासून मी कोणताही फोटो आकार कमी केल्याशिवाय टाइमलाइनवर येऊ देत नाही. पान नुसते पूर्ण दाखवायचे असेल तर १९२० रुंदी पुरते, त्यावरून कॅमेरा फिरवायचा असेल तर १०८० उंची पुरते, आणि फोर-केसाठी हे आकडे दुप्पट करावेत. घाईतला माणूस हे पाच मिनिटांचे काम टाळतो आणि पुढे दोन रात्री जागून काढतो, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते.

दुसरी चूक पेजफाइल, म्हणजे विंडोज रॅमला जोड म्हणून डिस्कवर वापरते ती फाइल, बंद करण्याची आहे. पेजफाइल बंद केल्याने एसएसडीचे आयुष्य वाढते आणि संगणक वेगाने चालतो, असे सांगणारे व्हिडिओ पाहून मुले ती सेटिंग बदलतात आणि नंतर आपण ती बदलली होती हेही विसरतात. विंडोज प्रोग्रामना जी मेमरी देऊ करते, तिची मर्यादा म्हणजे रॅम आणि पेजफाइल यांची बेरीज होय. एडिटिंग सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरापेक्षा बरीच जास्त जागा आगाऊ राखून ठेवते. त्यामुळे पेजफाइल नसताना रॅम रिकामी दिसत असूनही ‘कमिटेड’चा आकडा मर्यादेला टेकतो आणि एरर येते. पेजफाइल विंडोजच्या स्वाधीन ठेवावी, हा माझा नियम आहे. मात्र आपल्याकडील अनेक जुन्या संगणकांत सी ड्राइव्ह १२० जीबीचा असतो आणि विंडोज स्वतःहून पेजफाइल ड्राइव्हच्या एक-अष्टमांशापेक्षा मोठी होऊ देत नाही, म्हणजे तिथे जेमतेम १४ जीबी मिळतात, आणि तेवढीही जागा प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मीडिया कॅशने (तात्पुरत्या फाइलींनी) आधीच व्यापलेली असते. अशा संगणकात कॅश दुसऱ्या ड्राइव्हवर हलवावी, जुनी कॅश पुसावी, आणि त्यानेही भागले नाही तर दुसऱ्या एसएसडीवर ठरावीक आकाराची पेजफाइल द्यावी.

रात्रीच्या चित्रीकरणावर नॉइज रिडक्शन (चित्रातील दाणे कमी करणारा इफेक्ट) सरसकट लावणे हेही असेच अंगाशी येते. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे चित्रीकरण रात्रीच्या दिव्यांत होते, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) चढवावा लागतो आणि दाणे दिसतात, हे मान्य. परंतु टेम्पोरल नॉइज रिडक्शनला मागच्या-पुढच्या फ्रेमही एकाच वेळी लागतात आणि फोर-केमध्ये अशी प्रत्येक फ्रेम फ्लोटमध्ये १३३ एमबीची असते. तो इफेक्ट संपूर्ण टाइमलाइनवर अॅडजस्टमेंट लेअरने न घालता, ज्या क्लिपला गरज आहे तिच्यावरच लावावा, ती क्लिप जागेवर रेंडर करून घ्यावी आणि मगच रंगांचे काम सुरू करावे.

प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगसाठी फाइलींच्या हलक्या प्रती, केल्याने एक्सपोर्टची मेमरी वाचत नाही, कारण एक्सपोर्ट मूळ फाइलींवरूनच होते.

जुनी ३२ बिट सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी रॅमवर खर्च करू नये. त्यांना ४ जीबीपलीकडे हात घालताच येत नाही. प्रीमियर २०१० च्या सीएस५ आवृत्तीपासून ६४ बिटचे झाले आणि एडियस हे दुसरे एडिटिंग सॉफ्टवेअर सातव्या आवृत्तीपासून.

थेट पेनड्राइव्हवर एक्सपोर्ट करू नये. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर लिहिलीच जात नाही. १६ एमबीपीएसच्या फिल्मला ही मर्यादा सुमारे ३६ मिनिटांत गाठली जाते आणि लोक मेमरीला दोष देतात. फाइल संगणकावर तयार करावी आणि मग ही मर्यादा नसलेल्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर उतरवावी.

ग्राफिक्स कार्ड बंद करून ‘सॉफ्टवेअर ओन्ली’वर रेंडर करण्याची युक्ती परीक्षेपुरती उत्तम आहे. अडलेला एखादा मिनिट तसा रेंडर करून पाहावा; तो पार पडला, तर कार्डाची मेमरी भरत होती हे सिद्ध होते. परंतु तीच सेटिंग कायम ठेवून अडीच तासांची फिल्म रात्रभर भाजत ठेवणे हा उपाय नव्हे. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसमधील मेमरीच्या पानावर ‘परफॉर्मन्स’ऐवजी ‘मेमरी’ निवडणे याहून बरे.

लांब फिल्म मी कधीही एकसंध रेंडर करत नाही. हळद, देवक, अक्षता, जेवणावळ, वरात असे भाग स्वतंत्रपणे प्रोरेस ४२२ या कमी दाबलेल्या व्हिडिओ प्रकारात काढतो आणि नव्या टाइमलाइनवर जोडून त्यातून पार्टीला द्यायची फाइल बनवतो. यासाठी जागा लागते, कारण फुल एचडी, २५ फ्रेमला तासाला सुमारे ५५ जीबी होतात. पण अडखळले तर एकच भाग पुन्हा काढावा लागतो आणि पार्टीने वरातीतील एक नाव बदलायला सांगितले तरी हळदीला हात लावावा लागत नाही.

एवढे सर्व करूनही रेंडर दर वेळी निराळ्या जागी थांबत असेल आणि मधूनच निळा पडदा येत असेल, तर मात्र रॅमचीच तपासणी करावी. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असेल तर ते बंद करावे, वीज काढून रॅमच्या पट्ट्या नीट बसवाव्यात, आणि मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालू द्यावे. एकही चूक दाखवली गेली, तर एकेक पट्टी वेगळी तपासून सदोष पट्टी शोधावी आणि ती बदलताना निराळ्या वेगाची पट्टी सोबत न बसवता एकाच संचातील जोडी घ्यावी.