गेमसाठी वाडा, किल्ला, गल्ली उभारताय? या चुका टाळा

कुणी पोर्टफोलिओ दाखवायला आलं की मी थ्रीडी मॉडेल नंतर बघतो, आधी रेफरन्सचा बोर्ड, म्हणजे काम करताना समोर ठेवलेल्या चित्रांचा संग्रह मागतो. प्युअररेफ या चित्रं मांडायच्या सॉफ्टवेअरची फाइल उघडते, तीनचारशे चित्रं दाटीवाटीने बसलेली असतात. त्यातली निम्मी मी आदल्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या बोर्डवर पाहिलेली असतात. सगळ्यांनी पिंटरेस्टवर तेच शब्द टाकलेले, सगळ्यांना तेच वाडे मिळालेले. एखाद्या चित्रावर बोट ठेवून विचारतो, "हे का घेतलंस?" उत्तर ठरलेलं असतं: "सर, मूड छान आहे."

एवढ्यावर जागा उभी राहत नाही. जागा जशी दिसते तशी का दिसते, हे कळलं नसेल तर चित्रं कितीही गोळा करा, हाती फक्त वरवरची नक्कल लागते. हे मी ठासून सांगतो, कारण यात माझे स्वतःचे चार महिने गेले आहेत.

तेव्हा मी वाड्याचा चौक करत होतो. मधे तुळशीवृंदावन, चारी बाजूंनी ओसरी, लाकडी खांब, खांबांवर महिरपी, पावसाळ्यातला मऊ उजेड. शेवाळाचा मास्क (शेवाळ कुठे दिसावं ते ठरवणारा थर) लावून सगळ्या फरशीवर हिरवी झाक सारखी पसरवली होती. दिवाळीला आत्या घरी आली. तिचं लहानपण कसब्यातल्या वाड्यात गेलेलं, म्हणून कौतुकाने तिला स्क्रीनवर सगळा चौक फिरवून दाखवला. तिने बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "अरे, पावसाचं पाणी जातं कुठून?"

चौक आणि ओसरी मी एकाच पातळीत केली होती. उतार नाही, मोरी नाही. पहिल्याच मोठ्या पावसात माजघरात पाणी शिरलं असतं. मग आत्या सांगत बसली. त्यांच्याकडे चौक ओसरीपेक्षा दोन पायऱ्या खाली होता, फरशी एका कोपऱ्याकडे उतरती होती, पाणी त्या मोरीतून बाहेर जायचं. "आणि पागोळ्या पडून पडून दगडाला खळगे झाले होते. आम्ही त्यात चिंचोके मांडून खेळायचो."

पुढच्याच रविवारी एका ओळखीच्या जुन्या वाड्यात गेलो आणि चौकात उकिडवा बसलो. छपराच्या कडेच्या बरोब्बर खाली, एका रेषेत, वाटीच्या बुडाएवढे खळगे होते. दोन खळग्यांमधलं अंतर वरच्या कौलांच्या दोन पन्हळींमधल्या अंतराएवढंच. शेवाळ होतं ते त्या रेषेला आणि मोरीकडे जाणाऱ्या वाटेला. बाकीची फरशी पायांनी घासून गुळगुळीत झालेली, तिथे हिरव्याचा मागमूस नाही. घरी येऊन चौक पाडला आणि पुन्हा बांधला. दोन आठवडे लागले. आधीच्या चार महिन्यांत जे साधलं नव्हतं, ते त्या खळग्यांच्या रेषेने साधलं.

तेव्हापासूनची माझी सवय अशी: बोर्डवरच्या प्रत्येक चित्राखाली एक वाक्य लिहायचं. पाणी कुठून येतं, कुठे जातं. रोज हात कशाला लागतो. झाडलोट कुठपर्यंत होते. असं वाक्य सुचलं नाही तर ते चित्र काढून टाकायचं. तीस चित्रांपुढे मी जात नाही आणि त्यातली दहा तरी स्वतः काढलेली असावीत, असा आग्रह धरतो. "सर, बाहेर जायला वेळ नाही" हे मला पटत नाही. स्क्रोल करण्यात गेलेल्या तीन संध्याकाळी मोजा, तेवढ्यात शहरातला एक जुना वाडा बघून होतो.

दुसरी चूक मापाची. अनरील या गेम इंजिनमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर, आणि शेजारी माणसाचा पुतळा उभा करायला दोन सेकंद लागतात. तरी पोर्टफोलिओतल्या वाड्यांची दारं दहा फुटी, पायऱ्या गुडघाभर उंच आणि ओसऱ्या मंगल कार्यालयासारख्या ऐसपैस. जुन्या वाड्यात आतल्या दाराशी वाकावं लागतं, उंबरा ओलांडायला पाय उचलावा लागतो, भिंतीच्या जाडीत काढलेला जिना एका माणसापुरताच असतो. ही अडचण म्हणजेच त्या जागेचा स्वभाव. ती काढून टाकली की उरतो तो सिनेमाचा सेट.

आणि इथे जुन्या गवंडी-सुतारांनी तुमचं अर्धं काम आधीच करून ठेवलंय. वाडा मोजायचे तो खणांत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फूट. ओसरी इतक्या खणांची, माजघर तितक्या खणांचं. आपण ज्याला मॉड्युलर किट, म्हणजे पुन्हा पुन्हा जोडता येणाऱ्या तुकड्यांचा संच म्हणतो, ते हेच. एक खण नीट बांधा: खांब, तुळई, वरचं छत, खालची फरशी. मग तो फिरवून, जोडून चौक उभा करा. पात्राच्या पाठीमागून बघणाऱ्या थर्ड-पर्सन कॅमेऱ्याला एवढी जागा पुरत नाही, हे मला मान्य आहे. पण आधी खरं माप लावा, त्यातून चालून बघा, आणि मग कॅमेऱ्यापुरतं वाढवा. किती वाढवलं ते लिहूनही ठेवा.

जाणूनबुजून केलेला बदल आणि अज्ञानातून झालेली चूक यांत मोठा फरक आहे. 2014 च्या 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या गेममध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या पॅरिसच्या नोत्र दाम चर्चवर उंच मनोरा आहे. तो मनोरा प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातला. करणाऱ्यांना हे ठाऊक होतं, पण आजच्या माणसाला मनोऱ्याशिवाय नोत्र दाम ओळखू आलं नसतं. पेशवाईतल्या वाड्यावर मंगळुरी कौलं चढवणाऱ्याला मात्र ती कौलं 1818 नंतर कित्येक वर्षांनी आली, याचा पत्ताच नसतो.

सह्याद्री करायचा म्हणून तयार स्कॅन केलेले परदेशी खडक ओतू नका. आपल्या कड्यांवर कातळाचे आडवे थर दिसतात आणि दोन थरांमध्ये गवताची पट्टी. या कातळाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा शब्दच जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. कोकणात उतरलात की काळा दगड सोडा, जांभ्याचे चिरे घ्या.

एआयने काढलेलं चित्र रेफरन्स म्हणून वापरू नका. त्यात अनेकदा तुळई खांबावर टेकलेलीच नसते आणि तुम्ही ती तशीच बांधता.

ब्लॉकआउट, म्हणजे साध्या ठोकळ्यांचा कच्चा आराखडा, पुरा होण्याआधी नक्षीला हात लावू नका.

उजेडही त्या गावचा हवा. पुण्यात मेच्या मध्यावर भरदुपारी सूर्य डोक्यावर असतो, चौकात सावली उरत नाही. युरोपातल्या आकाशाचा एचडीआरआय (उजेडासाठी वापरायचा आकाशाचा फोटो) लावून तो चौक कधीच खरा वाटणार नाही.

दोन कल्पना एकत्र बांधल्या म्हणजे कन्सेप्ट होत नाही. वाड्यावर निऑनच्या पाट्या लावून "भविष्यातलं पुणे" म्हणणारे बरेच भेटतात. 'हाफ-लाइफ 2' या गेममधलं सिटी 17 हे शहर आजही अंगावर येतं, कारण बल्गेरियातल्या सोफियात जन्मलेल्या कलादिग्दर्शक व्हिक्टर अँटोनोव्हने आधी पूर्व युरोपातलं जुनं शहर पूर्णपणे पटेल असं उभं केलं आणि मग परक्या आक्रमकांचं लोखंड त्यात घुसवलं. आधीचं शहर पटलं नसतं, तर त्या लोखंडाने आपलं काय बिघडवलं असतं?

शेवटची चूक हावरेपणाची. गेल्या वर्षी एक मुलगा आला, तीन महिन्यांत अख्खा रायगड करणार म्हणाला. महादरवाजा, बाजारपेठ, राजसदर, सगळं. मी त्याला महादरवाज्याच्या आतली पहारेकऱ्यांची एक देवडी करायला सांगितली. तो नाराज झाला, पण गडावर जाऊन आला. दोन महिन्यांनी बोर्ड पाठवला: 22 चित्रं, त्यातली 15 त्याची स्वतःची, प्रत्येकाखाली एक वाक्य. देवडीत त्याने एक घोंगडी, एक मडकं आणि कोनाड्यात पणती ठेवली होती. कोनाड्यावरची काजळी सरळ वर न जाता आतल्या बाजूला कलली होती. का, म्हणून विचारलं. म्हणाला, "सर, दरवाज्यातून वारा आत येतो. मी तिथे काडी पेटवून बघितली."