दूध उतू गेल्यानंतरची शेगडी

उतू गेलेलं दूध फडक्याने टिपलं की झालं, असं मला लग्नानंतर चारेक वर्षं वाटायचं. वरची काच चकचकीत असायची. साय मात्र बर्नरच्या भोकांत जळून बसलेली. मग ज्योत पिवळी झाली, पातेल्यांची बुडं काळी पडू लागली आणि मी सिलिंडरला नावं ठेवत बसले. बर्नर तुंबला की गॅसमध्ये हवा पुरेशी मिसळत नाही आणि काजळी धरते, हे नंतर कळलं.

आता महिन्यातून एकदा, रात्रीचं आवरून झालं की हे काम काढते. आधी रेग्युलेटर बंद करायचा आणि शेगडी पूर्ण गार होऊ द्यायची. तापलेल्या काचेवर ओलं फडकं फिरवलं तर ती तडकू शकते.

जाळ्या आणि खालच्या स्टीलच्या ताटल्या कढत साबणाच्या पाण्यात, दोन चमचे खायचा सोडा घालून, अर्धा तास बुडवते. अल्युमिनियमचं काही असेल तर सोड्यात घालू नका, काळं पडतं. जाळ्यांना तारेची घासणीही नको; वरचा काळा मुलामा निघाला की गंज चढतो. नारळाची शेंडी पुरते.

पितळी बर्नरना चिंचेचा कोळ. आमच्याकडे देवाची भांडी त्यानेच घासतात, तोच उरलेला वापरते. तासाभराने जुन्या टूथब्रशने घासायचं आणि टाचणीने एकेक भोक मोकळं करायचं. आगपेटीची काडी नको, टोक मोडून आतच राहतं.

खरी मेख वाळवण्यात आहे. एकदा घाईत ओलेच बर्नर बसवले. ज्योत फडफडायला लागली, म्हणून मेकॅनिक बोलावला. त्याने बर्नर उलटा करून तळहातावर आपटला, पाणी सांडलं आणि तीनशे रुपये घेतले! तेव्हापासून बर्नर रात्रभर फडक्यावर उपडे असतात.

सकाळी बर्नर खाचेत नीट बसवते. मग रेग्युलेटर चालू करून, शेगडी पेटवायच्या आधी, नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावते. बुडबुडे आले तर लगेच रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या आणि गॅसगळतीसाठीच्या १९०६ या क्रमांकावर फोन; दिव्याच्या बटणाला हातही लावायचा नाही. नळीवरची तारीखही तेव्हाच बघून घेते. एवढं करूनही ज्योत पिवळीच राहिली तर दोष आतल्या जेटमध्ये, म्हणजे गॅस जिथून बाहेर येतो त्या बारीक तोंडात, असू शकतो. तिथे मी टाचणी घालत नाही, मेकॅनिकलाच बोलावते.