कॅलगरीहून ड्रमहेलर: एका दिवसाचा बेत कसा आखावा

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, कॅलगरी शहरापासून दीड तासावरच्या ड्रमहेलर गावाला जाणारे बहुतेक जण तिथलं डायनासोरांचं संग्रहालय बघतात, गावातल्या टी-रेक्स डायनासोरच्या उंच पुतळ्यासमोर फोटो काढतात आणि परत फिरतात. तेवढ्यासाठी येऊन-जाऊन अडीचशे किलोमीटरहून जास्त गाडी चालवायची म्हणजे अर्धाच मोबदला. खरा ऐवज आहे तो रेड डिअर नदीने सपाट माळात खोल कापून ठेवलेल्या दरीत. ती नीट बघायची तर घड्याळापेक्षा पावसाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

आधी एक नेहमीचा घोटाळा. ‘डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क’ ड्रमहेलरमध्ये नाही. ते ब्रुक्सजवळ, इथून गाडीने जवळजवळ दोन तासांवर आहे. नकाशात नुसतं ‘डायनासोर पार्क’ टाकून निघालात तर दिवस भलतीकडेच जाईल. ‘रॉयल टायरेल म्युझियम’ किंवा ‘हॉर्सशू कॅन्यन’ असं पूर्ण नाव टाका.

पाऊस आणि माती

इथल्या उतारांवरच्या मातीत बेंटोनाइट भरपूर आहे. फार पूर्वी पडलेल्या ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली ही चिकणमाती. तिच्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट, म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीला फुगवणारं आणि उन्हाळ्यात भेगाळवणारं तेच. पाणी प्यायलं की ते फुगतं आणि वरचा थर साबणासारखा निसरडा होतो. चांगल्या पकडीचे बूटही दहा पावलांत चिखलाने भरून गुळगुळीत होतात. उतरताना फारसं कळत नाही, पण वर चढताना माणूस अडकतो.

म्हणून फक्त आजचा अंदाज बघू नका, काल संध्याकाळी पाऊस झाला का तेही बघा. ऊन-वारा असेल तर माती काही तासांत सुकते, ढगाळ असेल तर पुरा दिवस लागू शकतो. ओलं असेल तर दरीच्या तळाशी उतरणं सोडून द्या आणि संग्रहालय, कोळशाची खाण आणि गाडीतून दिसणाऱ्या जागा एवढंच ठेवा. कोरडी असतानाही ही माती वरून भुसभुशीत, दाणेदार असते. तिरक्या उतारावर पाय सरकतो, तेव्हा रुळलेली वाट सोडू नका. नव्या पायवाटांनी उतार लवकर झिजतात, हेही कारण आहेच.

वाट आणि पहिला थांबा

कॅलगरीच्या उत्तर भागातून निघत असाल तर हायवे २ ने उत्तरेकडे, मग हायवे ७२ ने पूर्वेला बाइझकर, तिथून हायवे ९. पूर्व भागातून ट्रान्स-कॅनडाने जाऊन हायवे ९ धरा. दीड तास धरून चाला. पेट्रोल कॅलगरीतच भरा आणि खाण्याचं बरोबर घ्या. गावात बर्गर-पिझ्झा मिळतो, पण शाकाहाऱ्यांची निवड थोडी असते. उन्हात गाडीत टिकणारं घ्या: दशम्या, थालीपीठ, कोरडी चटणी.

हॉर्सशू कॅन्यन ड्रमहेलरच्या १७ किलोमीटर आधी हायवे ९ लाच लागून आहे. तो सकाळी पहिला करा, कारण तळाशी सावली जवळजवळ नाही आणि दुपारी दरी तापते. पार्किंगला शुल्क आहे. काठावरून बघायला पंधरा मिनिटं पुरतात, खाली फिरायचं तर दीड तास आणि माणशी किमान एक लिटर पाणी. खालच्या घळी एकसारख्या दिसतात, म्हणून उतरल्यावर लगेच मागे वळून पायऱ्या कुठे आहेत ते लक्षात ठेवा, फोटोच काढून ठेवा. सँडल नको, जमिनीलगत निवडुंग असतो. खडकाच्या कपारीत हात घालू नका, या भागात रॅटलस्नेक असतात.

थर वाचता आले तर मजा वाढते. काळे पट्टे कोळशाचे, म्हणजे जुन्या दलदलीचे. फिकट पिवळसर पट्टे नद्यांनी आणलेल्या वाळूचे, करडे गाळाचे आणि गंजलेल्या रंगाचे लोहयुक्त दगडाचे. वय सुमारे ७ कोटी वर्षं. म्हणजे सह्याद्रीचा बेसॉल्ट ओतला गेला त्याच्या थोडं आधीचं. डायनासोर नाहीसे झाले तो काळ दाखवणारी थरांतली रेषा बघायची असेल तर ती याच नदीच्या वरच्या अंगाला, हक्सली गावाच्या बाजूला आहे. तो वेगळ्या दिवसाचा बेत.

दुपार संग्रहालयात

भर उन्हाची वेळ रॉयल टायरेलला द्या. १९८५ साली सुरू झालेलं हे संग्रहालय गावापासून ६ किलोमीटरवर, हायवे ८३८ वर आहे. जोसेफ टायरेल १८८४ मध्ये या दरीत भूगर्भ सर्वेक्षणासाठी आले होते. कोळशाचे थर शोधताना त्यांना मांसभक्षी डायनासोरची कवटी सापडली, तोच पुढे १९०५ मध्ये नाव मिळालेला अल्बर्टोसॉरस.

उन्हाळ्यात तिकीट आधीच ऑनलाइन काढा. हिवाळ्यात सोमवारी संग्रहालय बंद असतं, हे न बघता येणारे दरवर्षी दारावरून परततात. अडीच तास पुरतात, पण दोन गोष्टी घाईत उरकू नका. एक म्हणजे बोरिआलोपेल्टा: २०११ मध्ये उत्तर अल्बर्टातल्या तेल-वाळूच्या खाणीत सापडलेला, चिलखती कातडीसकट टिकलेला प्राणी. दगडातून तो मोकळा करायला सुमारे ७,००० तास लागले. दुसरी गोष्ट म्हणजे प्रयोगशाळेची काच. पलीकडे हाडं साफ करणारे हात बघताना ७,००० तास कुठे जातात ते समजतं.

दोन रस्ते, एक निवडा

संग्रहालयानंतर दोन पर्याय उरतात. दोन्ही एका दिवसात होतात, पण मग सकाळपासूनचे अकरा तास मोडतात. भारतातून आलेले आई-बाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर एकच घ्या.

डायनासोर ट्रेल हा ४८ किलोमीटरचा फेरा. ८३८ ने पुढे जाऊन हॉर्सथीफ कॅन्यन बघा, मग ब्लेरियो फेरीने, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीने, नदी ओलांडा आणि पलीकडच्या ८३७ ने, ऑर्कनी व्ह्यूपॉइंट करत गावात परत या. ज्येष्ठांसाठी हाच बरा, कारण दोन्ही जागा गाडीपासून चार पावलांवर आहेत. ही बोट नदीवर ताणलेल्या तारेच्या आधाराने चालते आणि फुकट आहे. पाटीपाशी थांबा, चालकाने खूण केल्याशिवाय गाडी पुढे घेऊ नका. नदीला पाणी फार किंवा फार कमी असलं की ती बंद ठेवतात, हिवाळ्यात तर नसतेच. म्हणून ‘५११ अल्बर्टा’ या रस्त्यांची स्थिती सांगणाऱ्या सेवेवर आधी बघा, नाहीतर आलेल्याच रस्त्याने मागे फिरावं लागतं.

हूडू ट्रेल हा दुसरा, हायवे १० ने आग्नेयेला. मुलांना हा आवडतो. रोझडेलचा झुलता पूल १९३१ चा, खाणकामगारांना नदीपार नेण्यासाठी बांधलेला. पुढे हूडू, म्हणजे डोक्यावर कठीण दगडाची टोपी राहिल्यामुळे खाली वाचलेले वाळूच्या खडकाचे खांब. त्यांवर चढू देऊ नका. टोपी पडली की खांब भराभर झिजतो. शेवटी ईस्ट कूलीची अ‍ॅटलस कोळसा खाण. तिथली कोळसा चाळून भरण्याची लाकडी इमारत कॅनडातली उभी असलेली अशी शेवटची. आतून बघायला मार्गदर्शकाबरोबरची फेरी लागते, तिची शेवटची वेळ सकाळीच विचारून ठेवा. रोझडेलहून वेनकडे वळलात तर ६ किलोमीटरमध्ये रोझबड नदीवर ११ अरुंद पूल लागतात. तिकडे मोबाइलची रेंज भरवशाची नाही, नकाशा आधीच उतरवून घ्या.

गावातला टी-रेक्स २६.३ मीटर उंच आहे आणि जबड्यापर्यंत १०६ पायऱ्या. मुलं असतील तर चढा, नसतील तर खालून बघितलं तरी चालेल.

हाड सापडलं तर

अल्बर्टातले जीवाश्म प्रांताच्या मालकीचे असतात. प्रांतिक उद्यानांतून काहीही उचलायचं नाही. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर पृष्ठभागावर सुटं पडलेलं उचलता येतं, पण तुम्ही त्याचे फक्त राखणदार ठरता, मालक नाही. ते विकता येत नाही आणि परवानगीशिवाय प्रांताबाहेर नेता येत नाही, भारतात तर नाहीच. खणायला परवाना लागतो, तोही संशोधकांना. दंड ५०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

बहुतेक ‘हाडं’ लोहयुक्त दगडाची निघतात. तुटलेली बाजू बघा: आत स्पंजासारखी बारीक छिद्रं असतील तर हाड असण्याची शक्यता बरीच, एकसंध गुळगुळीत असेल तर दगड. हाड वाटलं तर जागेवरच राहू द्या. शेजारी नाणं ठेवून एक फोटो, मागची टेकडी दिसेल असा दुसरा, फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश, आणि हे सगळं संग्रहालयाला ईमेलने पाठवा. हाड हललं की ते कोणत्या थरातलं हे कळत नाही आणि त्याची अर्धी किंमत तिथेच जाते.

नदीवर उतरायचं असेल तर

उन्हाळ्यात लोक कनू (वल्ह्याची अरुंद होडी) किंवा रबरी होडीने या दरीत तरंगत येतात. प्रवाह संथ असतो, पण वरच्या अंगाला डिक्सन धरण आहे आणि पावसानंतर पाणी वाढतं, म्हणून त्या दिवशीचा प्रवाह तपासूनच निघा. माणशी एक लाइफ जॅकेट, एक शिट्टी आणि १५ मीटरचा तरंगता दोर बरोबर हवा. जिथे होडीतून बाहेर पडणार त्या जागी एक गाडी आधी लावून ठेवा. वारा समोरून असेल तर दोन तासांचा पल्ला सहज साडेतीन तास घेतो. काठावरही तीच चिकणमाती आहे, उतरताना होडी आधी ओढा आणि मग माणसं.

परतीला

जूनमध्ये पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे उशीर झाल्याचं लक्षात येत नाही. संधिप्रकाशात हायवे ९ वर हरणं येतात आणि एक दिसलं की मागे दुसरं असतंच, तेव्हा वेग कमी ठेवा. बुटांचा चिखल ओला असताना धुवायला जाऊ नका, तो आणखी फुगतो आणि नळीत बसतो. बूट पिशवीत घाला, घरी पूर्ण सुकू द्या, मग बाहेर आपटून ब्रशने झाडा.