कोटेशनमधले ‘हँडलिंग चार्जेस’ असे निघाले

अंधेरीत नवी गाडी बुक केली. कोटेशनमध्ये एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स आणि तळाशी बारीक अक्षरात ‘हँडलिंग चार्जेस’ (गाडी हाताळण्याच्या नावाखाली शोरूमचे जादा पैसे) व ‘एसेन्शियल किट’. किट म्हणजे मॅट, मडफ्लॅप आणि डॅशबोर्डवरचा गणपती!

घासाघीस झाली, मॅनेजरला भेटून झालं. “सर, सिस्टीममधून निघतच नाही.” डोकं फिरलं.

मग तोंडी बोलणं बंद केलं. ईमेल केला: हँडलिंग कोणत्या नियमाखाली घेता, लेखी कळवा, किट नको. उत्तर नाही, पण दुसऱ्या दिवशी सुधारित कोटेशन आलं, दोन्ही ओळी गायब. ते हातात आल्यावरच चासी आणि इंजिन नंबर मागून घेतले आणि इन्शुरन्स बाहेरून काढला. तुलना करताना आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि झिरो डेप (पार्ट्सची घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर) सारखेच ठेवा, नाहीतर स्वस्ताईचा नुसता भास होतो. थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा ३ वर्षांचा लागतोच, ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) १ वर्षाचा चालतो. पॉलिसी नोंदणीआधी शोरूमला मेल केली, मगच उरलेली रक्कम शोरूमच्या खात्यात एनईएफटीने भरली.

रोड टॅक्सवर मात्र वाद घालू नका. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के सरकारीच आहेत.

गणपती त्यांनी शेवटी फुकट दिला.