यील्ड ११२ टक्के? या चुका टाळा

जुलैत मुंबईतल्या कॉलेजात ॲस्पिरिनचं प्रॅक्टिकल झालं की एखाद्या तरी जर्नलात (प्रयोगवहीत) यील्ड, म्हणजे अपेक्षित उत्पादनाच्या किती टक्के पदार्थ हाती आला तो आकडा, शंभराच्या वर गेलेलं असतं. जास्तीचं वजन कुठून आलं? बहुतेक वेळा पाण्यातून. जिथे दोरीवरचे कपडे दोन दिवस ओलेच राहतात, तिथे फिल्टर पेपरवरचे स्फटिक अर्ध्या तासात कसे वाळतील? वाळवा, वजन घ्या, पुन्हा वाळवा, पुन्हा वजन घ्या. सलग दोन वजनं जुळली तरच आकडा लिहा. आणि कोऱ्या पेपरचं किंवा वॉच ग्लासचं वजन आधीच टिपून ठेवा. नंतर अंदाजाने वजा करण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक गणितातली. २ ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड घेतलं, २.१ ग्रॅम ॲस्पिरिन मिळालं, म्हणून १०५ टक्के! इथे ग्रॅमला थेट ग्रॅमने भागलंय. आधी मोल (रेणू मोजायचं एकक) काढा, म्हणजे वजनाला रेणुभाराने भागा: २ ÷ १३८.१ = ०.०१४५. प्रमाण एकास एक, म्हणून तेवढेच मोल ॲस्पिरिन, गुणिले १८०.२ (ॲस्पिरिनचा रेणुभार) केलं की २.६१ ग्रॅम. हे झालं सैद्धांतिक यील्ड. आता २.१ ÷ २.६१, म्हणजे सुमारे ८० टक्के. सॅलिसिलिक ॲसिडसोबत घेतलेलं ५ मिली ॲसिटिक ॲनहायड्राइड इथे भरपूर जास्त आहे (साधारण ०.०५३ मोल), त्यामुळे त्यावरून हिशेब करायचाच नाही. जो पदार्थ आधी संपतो, तो लिमिटिंग.

प्रमाण एकास एक नसेल तिथे तर हमखास घसरण होते. बेन्झाल्डिहाइड आणि ॲसिटोनपासून बनणाऱ्या डायबेन्झालॲसिटोनच्या एका मोलला बेन्झाल्डिहाइडचे दोन मोल लागतात. ०.०२ मोल बेन्झाल्डिहाइडमधून, ॲसिटोन पुरेसं असेल तर, जास्तीत जास्त ०.०१ मोल, म्हणजे २.३४ ग्रॅम. दोनाने भागायचं विसरलात की चांगलं ८० टक्के यील्ड कागदावर ४० होतं आणि पोरं उगाच प्रयोग पुन्हा लावतात.

यील्ड खरोखरच कमी आलं तर धुण्याचं पाणी आठवा. बर्फाचं होतं की नळाचं? कोमट पाण्यात ॲस्पिरिन बऱ्यापैकी विरघळतं आणि थेट सिंकमध्ये जातं. फ्लास्कच्या भिंतींना चिकटलेलं राहतं ते वेगळंच.

आकडा ९५ आला तरी लगेच खूश होऊ नका. चिमूटभर पूड अल्कोहोलमध्ये विरघळवून फेरिक क्लोराइडचा थेंब टाका. गडद जांभळा रंग आला, तर त्या ९५ मध्ये न बदललेलं सॅलिसिलिक ॲसिडही मोजलं गेलंय.