राजापूरच्या गंगेला जाताना

राजापूरची गंगा बारमाही नाही. यात्रेची सगळी आखणी या एका गोष्टीवर ठरते. रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर शहरापासून जवळच, उन्हाळे गावात जांभ्याच्या टेकाडावर दगडी बांधणीची 14 कुंडं आहेत. एरवी ती कोरडी असतात. मग एक दिवस वडाजवळच्या 'मूळ गंगा' या कुंडाला पाणी येतं, बाकीची कुंडं भरू लागतात, काशीकुंडावरच्या गोमुखातून धार पडते आणि पंचक्रोशीत 'गंगा आली' ही बातमी पोचते. काही आठवडे, कधी काही महिने ती राहते आणि आली तशीच न सांगता जाते.

जुना ठोकताळा असा, की गंगा साधारण तीन वर्षांनी येते आणि तीनेक महिने राहते. अलीकडे तो जुळत नाही. कधी लगेच पुढच्या वर्षी येते, कधी ऐन पावसात. त्यामुळे पंचांग किंवा जुन्या वर्षांचा हिशेब बघून रजा टाकू नका, आधी खात्री करा. समाजमाध्यमांवर मागच्या खेपेचे व्हिडिओ नव्याने फिरत असतात, म्हणून बातमीची तारीख बघा, रत्नागिरीच्या स्थानिक वृत्तपत्रांत ती आली आहे का ते तपासा आणि शक्य असेल तर राजापुरातल्या ओळखीच्या माणसाला फोन करा. फोनवर नुसतं 'गंगा आहे का' असं विचारू नका. पाण्याची करंगळीएवढी धार उरली असली तरी उत्तर 'आहे' असंच येतं, आणि ते खोटंही नसतं. विचारायचं ते असं: गोमुख चालू आहे का, आणि काशीकुंड भरलेलं आहे का? दोन्हीचं उत्तर 'हो' आलं तर निघा. निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा विचारा.

हे पाणी असं अवचित का येतं, याची सायफनची उपपत्ती मांडली जाते. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खालच्या खडकातल्या पोकळीत साठतं. त्या पोकळीतून बाहेर येणारी वाट सरळ नसते, आधी वर चढून मग खाली उतरते. वाकलेल्या नळीसारखी. पाण्याची पातळी त्या चढाच्या माथ्यापर्यंत येईस्तोवर बाहेर थेंबही दिसत नाही. माथा ओलांडला की पाणी खेचलं जातं आणि पातळी नळीच्या तोंडाखाली उतरेपर्यंत वाहत राहतं, मग एकदम थांबतं. डब्यातलं रॉकेल नळीने ओढून काढताना जे घडतं तेच. भाविकाला या उपपत्तीने अडण्याचं कारण नाही. भूमीने पाणी कसं सांभाळून ठेवलं ते कळलं म्हणून त्या पाण्याचं पावित्र्य उणं होत नाही. आणि थांबायचं ते एकदम, म्हणून 'शेवटच्या आठवड्यात जाऊ' असा विचार करण्यात अर्थ नाही.

कधी जायचं? बातमी आल्यावरचा पहिला शनिवार-रविवार टाळा. मुंबई-पुण्याचे चाकरमानी आणि घाटावरचे भाविक एकाच वेळी उतरतात, आणि जागा लहान आहे. पाच-सहा दिवसांनंतरचा मधला वार धरा आणि पहाटे, उजाडता उजाडता पोचा. पौर्णिमा, अमावास्या आणि एकादशीला गर्दी वाढते. पर्वणीचं स्नान हवंच असेल तर तो दिवस गाठा, पण सोबत म्हातारी माणसं असतील तर साधा दिवसच बरा. उन्हाळ्यात दहानंतर जांभा तापतो आणि अनवाणी पाय भाजतात. पावसात गंगा आली असेल तर वरून येणाऱ्या पाण्याने कुंडं गढूळ होतात आणि पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा अशा वेळी सलग दोन दिवसांची उघडीप बघून निघा.

राजापूर मुंबई-गोवा महामार्गावर आहे. एसटीने राजापूर आगारात उतरून पुढे रिक्षा मिळते. कोल्हापूरकडून अणुस्कुरा घाटाने येता येतं. कोकण रेल्वेने येणाऱ्यांची फसगत हमखास होते ती इथे: राजापूर रोड हे स्टेशन शहरात नाही, सोलगावला आहे आणि शहरापासून चांगलंच लांब आहे. तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत आणि रात्रीच्या गाडीने उतरलं तर वाहन मिळेलच असं नाही. आधी रिक्षा सांगून ठेवा, नाहीतर दिवसा पोचणारी गाडी निवडा. रिक्षा ठरवताना तिन्ही ठिकाणांचं एकत्र बोला: उन्हाळे गावातला गरम पाण्याचा झरा, गंगा आणि धूतपापेश्वराचं देऊळ. थांबण्याचे तास धरूनच भाडं ठरवा. सुटं-सुटं ठरवलं तर पैसेही जास्त जातात आणि गर्दीच्या दिवशी परतीला रिक्षा मिळत नाही.

तिन्ही ठिकाणांचा क्रमही हाच आहे. आधी उन्हाळ्याच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर अंघोळ, मग गंगास्नान, मग धूतपापेश्वराचं दर्शन. पहिली अंघोळ मळ काढायची, दुसरी तीर्थाची, हे त्यामागचं साधं शहाणपण.

उन्हाळे गावचा हा झरा बाराही महिने वाहतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पश्चिमेला गरम झऱ्यांची जी माळ आहे, त्यातलाच हा एक. दापोलीजवळच्या उन्हवऱ्यासारखा तो चटका देत नाही. अंगाला सोसेल असं पाणी आहे, आणि म्हणूनच लोक त्यात जास्त वेळ बसतात. दहा-पंधरा मिनिटं पुरे. त्याहून जास्त बसलं की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, विशेषतः उपाशीपोटी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी आत बसू नये, तांब्याने अंगावर घ्यावं. चांदीचे दागिने काढून ठेवा, अशा झऱ्यांच्या पाण्यात ते काळवंडू शकतात. त्वचेच्या विकारांसाठी लोक श्रद्धेने इथे येतात, पण उघडी जखम किंवा पसरणारी खरूज असेल तर सगळ्यांच्या पाण्यात उतरू नये. बाहेर आल्यावर अंग पुसा, पाणी प्या, पाव तास बसा. गरम पाण्यातून थेट गंगेच्या गार धारेखाली गेलं की उरात धस्स होतं, आणि वय झालेल्या माणसाला ते महागात पडू शकतं.

आता गंगा. चपला बाहेर काढा, पाय धुऊन आत या. आधी मूळ गंगेचं दर्शन. तिथे हळद-कुंकू, फूल, अक्षता वाहायच्या आणि हात जोडायचे, त्यात अंघोळ करायची नाही. तीर्थ घरी न्यायचं ते शक्य तर याच पाण्यातलं, तिथल्या माणसाकडून भरून घ्या. स्वतः वाकून बाटली बुडवली की तळातला गाळ ढवळला जातो आणि मागच्या सगळ्यांना गढूळ पाणी मिळतं.

मुख्य स्नान काशीकुंडात, गोमुखाच्या धारेखाली. कुंडाच्या काठावर उभं राहून आचमन आणि संकल्प करा. स्वतःचं नाव, गोत्र, तिथी आणि ज्यांच्यासाठी स्नान करताय त्यांची नावं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणण्याची रीत आहे. मंत्र येत नसतील तरी अडत नाही, अंघोळीच्या वेळी घरोघर म्हटला जाणारा हा श्लोक पुरतो:

गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति ।
नर्मदे सिन्धु कावेरि जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु ॥

इथे या श्लोकाला वेगळीच गोडी येते, कारण भोवतीच्या कुंडांना यमुना, सरस्वती, गोदा, नर्मदा, कृष्णा, भीमा अशी नद्यांचीच नावं आहेत. त्यांच्याशेजारी सूर्य, चंद्र, अग्नी आणि बाण ही कुंडं. गोमुखाखाली तीन वेळा डोकं भिजवा आणि बाजूला व्हा. मग एकेका कुंडापाशी जाऊन तिथलं पाणी हाताने किंवा लहान गडूने अंगावर घ्या. चौदाही कुंडांवर बुडी मारण्याचा हट्ट नको. त्यात तास जातो आणि मागे रांग तुंबते. पाणी घेताना मात्र हात क्षणभर आत ठेवा. शेजारशेजारच्या कुंडांतलं पाणी कमी-जास्त गार लागतं, आणि येणारा प्रत्येक जण ते आवर्जून सांगतो.

साबण, शांपू, तेल, उटणं काहीही नको. कुंडं छोटी आहेत, आणि उन्हाळ्यात धार बारीक झाली की आतलं पाणी भराभर बदलत नाही. एकाच्या साबणाचा फेस दिवसभर कडेला फिरत राहतो आणि तेलाने दगड निसरडे होतात. कपडे तर मुळीच धुऊ नयेत. हार, निर्माल्य आणि द्रोणातले दिवे पाण्यात सोडू नका. फुलं दोन दिवसांत कुजतात, वास मारतात आणि पाणी जाण्याच्या वाटेत अडकतात. एक फूल वाहा, बाकीचं निर्माल्य ठरलेल्या जागी ठेवा. नाणी टाकण्याऐवजी दानपेटी आहे.

ओटी भरायची असेल तर खण, नारळ, मूठ-दोन मूठ तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि बांगड्या घरूनच एका ताटात बांधून आणा. ती काठावर ठेवायची, पाण्यात नाही. तर्पण किंवा अभिषेक करवून घ्यायचा असेल तर आदल्या दिवशीच तिथल्या पूजा सांगणाऱ्यांशी बोला. काय काय करणार आणि दक्षिणा किती, दोन्ही आधी ठरवा. गर्दीत ऐनवेळी ठरवलेला विधी घाईत उरकला जातो, मन भरत नाही.

अंघोळीसाठी सुती कपडे घाला. बायकांसाठी परकर-ब्लाउज किंवा सुती पंजाबी ड्रेस सोयीचा. नायलॉनची साडी ओली झाली की पायात अडकते आणि पायरीवर पाय घसरतो. अंगावरून घ्यायला एक मोठी चादर असली की कपडे बदलण्याच्या जागेची वाट बघावी लागत नाही. लोक अंघोळ करत असताना फोन बाहेर काढू नका. कुंडाचा फोटो हवाच असेल तर पहाटे, कोणी उतरायच्या आधी काढा.

तीर्थासाठी झाकणाचा तांब्याचा गडू आणा. अर्धा लिटर पुष्कळ झालं. पाच-पाच लिटरचे कॅन भरून नेणारे असतात, पण प्लॅस्टिकमध्ये, उन्हात, गाडीच्या डिकीत राहिलेल्या पाण्याला चार दिवसांत वास येतो आणि मग ते तुळशीत ओतावं लागतं. पूजेसाठी ठेवायचं असेल तर गडू काठोकाठ भरा, लाख किंवा मेणाने झाकण बंद करा आणि सावलीत ठेवा. पिण्यासाठी वापरायचं तर उकळून, मग ते लहान मुलाच्या ओठाला लावायचं का असेना. इतक्या माणसांचे हात लागलेलं पाणी आहे.

या तीर्थाची कथा एका थकलेल्या शेतकऱ्याची आहे. गंगाजी साळुंखे असं त्याचं नाव सांगतात. काही सांगणारे म्हणतात तो पंढरीची वारी करायचा, काही प्रयागाचं नाव घेतात. म्हातारपणी पाय चालेनासे झाले तसा त्याने धावा केला आणि गंगा त्याच्याच शेतात, वडाखाली प्रकट झाली. ज्याला चालवत नाही त्याच्यासाठी आलेलं हे पाणी, म्हणून घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला इथे आणणं हीच खरी यात्रा. ते नीट करता येतं. घडीची खुर्ची सोबत घ्या. गाडी किंवा रिक्षा जितकी जवळ जाईल तितकी न्या. आजी-आजोबांना कुंडात उतरवू नका. काठापासून हातभर अंतरावर खुर्ची ठेवा आणि दोघांनी मिळून अंघोळ घाला: एकाने खांद्याला धरायचं, दुसऱ्याने आधी पायांवर, मग हातांवर आणि शेवटी डोक्यावर पाणी घालायचं. एकदम डोक्यावर गार पाणी ओतलं की श्वास अडतो. तीन गडू पुरे. लगेच कोरड्या पंच्याने पुसा, कोरडं नेसवा आणि मग त्यांच्याच हाताने गंगेला फूल वाहू द्या. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरीच असेल तर त्यांचं नाव संकल्पात घ्या आणि तीर्थ घरी नेऊन अंगावर शिंपडा.

शेवटी धोपेश्वर गावातला धूतपापेश्वर, राजापूर शहराला अगदी लागून. शंकराचं देऊळ मृडानी नदीच्या काठी खोलगट जागेत आहे, समोरच धबधबा पडतो. गंगेचं पाणी पिंडीवर वाहायचं असेल तर ते वेगळ्या छोट्या गडूत आणा आणि तिथल्या पुजाऱ्यांना विचारून वाहा. उतरताना पायऱ्या सोप्या वाटतात, पण दोन अंघोळींनंतर चढून येताना गुडघे बोलू लागतात, म्हणून वर येऊन बसायला अर्धा तास हातात ठेवा. पावसाळ्यात धबधब्याखाली जायचं नाही. पाणी वरून अचानक वाढतं आणि दगड गुळगुळीत आहेत. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते, तेव्हा गाडी लांब लावावी लागेल.

सकाळी सहाला उन्हाळे, सातला गंगा, दहाच्या सुमारास धूतपापेश्वर, असं धरलं तर दुपारच्या जेवणाला राजापुरात पोचता.

आणि एवढं करून पोचल्यावर कळलं, गंगा काल रात्रीच गेली, तर? असं होतं. कुंडं ओली असतात, तळाशी ओंजळभर पाणी असतं. ते उपसून न्यायला झुंबड उडते, त्यात पडू नका, गाळच हाती लागतो. मूळ गंगेपाशी नारळ ठेवा, उन्हाळ्याच्या झऱ्यावर अंघोळ करा, धूतपापेश्वराचं दर्शन घ्या. रिकामा गडू तसाच घरी नेऊन देवघरात पालथा ठेवा, आणि निघण्याआधी राजापुरातल्या कुणाला तरी आपला नंबर देऊन ठेवा.