आईची व्हीलचेअर घेऊन नागपूरहून रामोजी फिल्म सिटी: पार्किंग, बस आणि चढ-उताराचा हिशोब

दिवाळी जवळ आली की आमच्या ओळखीत कोणी ना कोणी विचारतेच, घरी आजीचे गुडघे गेलेत किंवा बाबांना पॅरालिसिस झाला आहे, मुलं हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीला जायचं म्हणून रामोजी रामोजी करून राहिलीत, मग त्यांना न्यायचं का घरी ठेवायचं. मी सांगतो, न्या. माझ्या आईची उजवी बाजू कमजोर आहे, धरून पाच-सहा पावलं टाकते, बाकी सगळं व्हीलचेअरवर, आणि आम्ही तिला घेऊन जाऊन आलो. फक्त एक काम घरूनच करून निघा, तिला दिवसभरात किती वेळा उठवावं लागणार ते मोजा. आमच्याकडे याला चढ-उतार म्हणतात. पलंगावरून खुर्ची एक, खुर्चीतून गाडी दोन, गाडीतून परत खुर्ची तीन, असं. बसून राहायला माणूस थकत नाही हो, उठवण्या-बसवण्यात थकते, आणि आठच्या वर गेलं की आईचा पाय थरथरायला लागते हे मला आता पक्कं माहीत आहे. तुमच्या माणसाचा आकडा वेगळा असेल, तो आधी काढा.

आकडा काढायला नागपुरातच रंगीत तालीम करा. आम्ही दोन केल्या. एक मेट्रोची, सुभाष नगरहून सीताबर्डी आणि परत. स्टेशनला लिफ्ट आहे, प्लॅटफॉर्म आणि डब्याची पातळी जवळपास सारखी आहे त्यामुळे खुर्चीसकट सरळ आत जाता येते, एकही चढ-उतार नाही. त्याने आईची भीती गेली, गर्दीत खुर्चीवर बसून फिरायची सवय झाली. दुसरी तालीम काटोल रोडवरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयाची, २६ जानेवारी २०२१ ला तिथली इंडियन सफारी सुरू झाली, ती सगळी बसमधूनच आहे. म्हणजे पार्किंग, तिकीट, बस, परत बस, अगदी रामोजीचीच छोटी आवृत्ती. बसच्या पायऱ्या आईला जमतात का, किती वेळ लागते, कोणी कुठून धरायचं, हे सगळं तिथे कळून गेलं आणि काही नाही जमलं असतं तर घर अर्ध्या तासावर होतं.

आता रामोजीलाच एवढा हिशोब काऊन, तर जागा प्रचंड आहे म्हणून. १९९६ मध्ये सुरू झालेली ही फिल्म सिटी, १,६६६ एकर, जगातला सगळ्यात मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात नाव आहे. तिथे आपली गाडी घेऊन सेटपर्यंत कोणी जात नाही. गाडी बाहेर पार्किंगला, मग तिकीट, मग त्यांची बस तुम्हाला कित्येक किलोमीटर आत नेऊन सोडते, आणि आत सेट दाखवायला परत लाल बस, ठिकठिकाणी उतरा, पाहा, चढा. धडधाकट माणसाला हे लक्षातही येत नाही. खुर्चीवरच्या माणसाला प्रत्येक बस म्हणजे दोन चढ-उतार.

त्यामुळे जायच्या दोन-तीन दिवस आधी फोन करा, आणि फोनवर "व्हीलचेअरची सोय आहे का" एवढंच विचारून ठेवू नका, त्याला सगळीकडे "हो सर आहे" हेच उत्तर मिळते. प्रश्न बारीक विचारा. माणसाला उतरवायला गाडी तिकीट खिडकीच्या किती जवळ येऊ देता? आमची खुर्ची बसमध्ये ठेवता येईल का, कोण चढवेल? आत उतरल्यावर खुर्ची मिळते का आमचीच न्यावी लागेल? कमोडवालं टॉयलेट कुठे कुठे आहे आणि त्याचं दार किती रुंद आहे? कोणत्या जागी फक्त पायऱ्याच आहेत? ज्याच्याशी बोलले त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, गेटवर सांगायला कामी पडते.

हे मी अनुभवाने सांगून राहिलो. मागे एका वॉटर पार्कला गेलो होतो, नाव घेत नाही, फोनवर सगळं आहे म्हणाले. गेल्यावर पाहतो तर व्हीलचेअरचं चित्र काढलेल्या पार्किंगमध्ये जनरेटर उभा, आणि रॅम्प होता पण रॅम्प संपला की सहा इंचाची पायरी. आई उन्हात वीस मिनिटं बसली होती तोपर्यंत मी आणि भाऊ माणूस शोधत होतो. ती काही बोलली नाही, पण पदराने कपाळ पुसत होती ते मला अजून दिसते.

पार्किंगचा नियम काय आहे ते माहीत असलं की बोलताना जोर येते. आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये दिव्यांगांच्या पार्किंगची जागा ३.६ मीटर रुंद आणि दारापासून ३० मीटरच्या आत पाहिजे असं आहे, रॅम्पचा उतार १ ला १२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. एवढी रुंदी काऊन पाहिजे तर दार पूर्ण उघडून बाजूला खुर्ची उभी करता यावी म्हणून. गार्डला दटावून काही होत नाही, त्याला बिचाऱ्याला वरून सांगितलेलं नसते, शांतपणे म्हणा की दादा आईला दाराशी उतरवतो, दोन मिनिटं द्या, गाडी मी लगेच हलवतो. सोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र ठेवा, ओरिजिनल आणि एक झेरॉक्स. ज्यांनी अजून काढलं नसेल त्यांनी आधी ते काढा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट आहे आणि पॅरालिसिसवाल्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचं प्रमाणपत्र कोणी काढतच नाही, वयामुळे झालं म्हणून सोडून देतात.

राखीव जागा नाही मिळाली तर साध्या पार्किंगमध्ये ओळीच्या टोकाची जागा घ्या, जिथे आईच्या दाराकडची बाजू रस्त्याकडे मोकळी राहील. मधल्या जागेत लावली की येताना दार उघडते पण जाताना शेजारी कोणीतरी चिकटवून गाडी लावलेली असते, मग म्हातारं माणूस उन्हात उभं आणि तुम्ही गाडी बाहेर काढून राहिले. जमीन सपाट पाहा, गिट्टी किंवा रेती असेल तर छोटी चाकं रुततात. आणि गाडी लावली की ओळीच्या बोर्डाचा फोटो काढा.

गाडीतून उतरवायची पद्धत नीट सांगतो कारण यात सगळ्यात जास्त माणसं पडतात. आई पुढच्या डाव्या सीटवर बसते, सीट पूर्ण मागे. खुर्ची मागच्या दाराला लागून, जरा तिरपी, म्हणजे ती बाहेर तोंड करून बसली की खुर्ची तिच्या डाव्या, धड हाताकडे येते. दोन्ही ब्रेक लावायचे, फूटरेस्ट वर उचलायचे. आधी पाय बाहेर, मग जमिनीवर नीट टेकलेत का पाहायचं, मग मी तिच्या कमरेचा पट्टा धरतो. हात धरून ओढायचं नाही, पॅरालिसिसवाल्या हाताला तर अजिबात नाही, खांदा निखळू शकतो. चढताना पाठ सीटकडे, बसायचं, मग पाय आत, आणि डोक्यावर दाराच्या काठाला माझा हात. सीटवर साडीच्या दुकानातली गुळगुळीत मोठी पिशवी टाकली की तिला बसल्या बसल्या वळता येते, वळून झालं की पिशवी काढून घ्या, नाहीतर ब्रेक मारला की माणूस पुढे सरकते.

रॅम्पवरून उतरताना खुर्ची उलटी, म्हणजे तुम्ही खाली, माणसाचं तोंड वर. सरळ नेली तर माणूस पुढे घसरते.

आता नागपूरहून जायचं कसं. दोन रस्ते आहेत, दोन्हीमध्ये चढ-उताराचा हिशोब वेगळा येते.

स्वतःची गाडी असेल तर हैदराबाद साधारण ५०० किमी, नॅशनल हायवे ४४ धरून बुटीबोरी, हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी. शहरात शिरूच नका, मेडचलला आऊटर रिंग रोड घ्या आणि शामीरपेट, घटकेसर करत पेद्दा अंबरपेटला उतरा, तिथून विजयवाडा हायवेला लागले की फिल्म सिटी जवळच. रस्त्यात दर दोन तासांनी थांबायचंच, पण प्रत्येक वेळी आईला खाली उतरवलं तर पाच-सहा चढ-उतार रस्त्यातच संपतात, म्हणून आम्ही एक थांबा टॉयलेट आणि जेवणाचा ठेवला, बाकी दोन थांब्यांवर दार उघडून पाय बाहेर लांब करून बसवलं, मालिश केली, चहा हातात दिला. थांबा निवडताना मुलाला आधी पाठवून कमोड आणि दार पाहून घेतलं. आपल्या खुर्चीची रुंदी घरीच टेपने मोजा, आमची २५ इंच आहे, आणि छोटा टेप गाडीत ठेवा, कारण पुष्कळ ठिकाणी टॉयलेटचं दार २४ इंचाचं असते. नियमात दाराची रुंदी ९० सेंटीमीटर सांगितली आहे, हे वेगळं.

ट्रेनने जायचं तर नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, पहाटे ५ ला निघते आणि दुपारी सव्वाबाराच्या सुमारास पोहोचते. टोकाच्या डब्यात व्हीलचेअरची जागा आणि मोठं टॉयलेट असते म्हणून डबा विचार करून घ्या. पहाटे ५ च्या गाडीला मेट्रो कामाची नाही, गाडीने किंवा ऑटोनेच स्टेशनला जावं लागते, आणि किमान एक तास आधी पोहोचा, लिफ्टपर्यंत जायलाच वेळ जाते. बजेट सांभाळायचं असेल तर साध्या मेल-एक्सप्रेसला, ज्याला सोबत्याशिवाय प्रवास करता येत नाही अशा दिव्यांग माणसाला स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये ७५ टक्के सवलत आहे, आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. ऑनलाईन सवलत पाहिजे तर रेल्वेचं वेगळं कार्ड आधी काढावं लागते, निघायच्या आठवड्यात ते होत नाही, दोन-तीन महिने आधी लागा.

स्टेशनवरून टॅक्सी बुक करताना सगळ्यात मोठी फसगत सीएनजीची होते. डिक्कीत सिलिंडर असते, खुर्ची जातच नाही. गाडी येऊन उभी राहते, ड्रायव्हर खुर्ची पाहून मान हलवते, कॅन्सल. आम्हाला असं लागोपाठ दोनदा झालं. म्हणून बुक केल्याबरोबर ड्रायव्हरला फोन करून विचारा, भय्या डिक्की खाली है क्या, व्हीलचेअर है. वर कॅरिअर असेल तरी चालते, दोरी आपली न्या. आणि एकदम उंच गाडी घेऊ नका, सीट खुर्चीच्या उंचीची असली की बसवणं सोपं, उंच गाडीत माणसाला अक्षरशः उचलावं लागते.

पोहोचले त्याच दिवशी फिल्म सिटी करू नका. एल. बी. नगर किंवा हयातनगरकडे, म्हणजे विजयवाडा रस्त्यालाच खोली घ्या, ग्राउंड फ्लोअर किंवा लिफ्टवाली, म्हणजे सकाळी अर्ध्या तासात गेटवर. सकाळी पहिल्या बसमध्ये बसायचं, पहिल्या बसला ड्रायव्हर-कंडक्टरकडे वेळ असते, मागे लाईन नसते, कोणी "चलो चलो" करत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. आपल्याला नागपूरच्या उन्हाची सवय आहे असं म्हणू नका, सवय घरात बसायची आहे, उन्हात लोखंडी खुर्चीचे हँडल चटका देतात. संक्रांत, दसरा, उगादी या सुट्ट्या तेलंगणातल्या लोकांच्याही असतात, त्या टाळा.

आत गेल्यावर सगळं पाहायचा हट्ट सोडा. आम्ही आकडा आठ धरला होता. खोलीतले सोडले तर खुर्चीतून गाडी, गाडीतून खुर्ची, खुर्चीतून बस, बसमधून खुर्ची, इथेच चार झाले, आणि परतीचे चार धरले की आठ पूर्ण. आतल्या लाल बसचे एकदा चढायचे-उतरायचे दोन वरचे झालेच, त्यात आणखी भर नको म्हणून जिथे जिथे उतरायचं होतं तिथे आई बसमध्येच बसून राहिली, खिडकीतून पाहिलं, एक जण तिच्याजवळ थांबला, बाकीचे उतरले, पुढच्या ठिकाणी थांबणारा बदलला. कोणालाच वाईट नाही वाटलं कारण हे घरीच ठरलं होतं. शो पाहायला तिला खुर्चीवरच एका कडेला बसवलं, तिथून तिने दोन तास मान हलवली नाही.

संध्याकाळी शेवटचा कार्यक्रम संपायच्या पाऊण तास आधी निघा. संपल्यावर सगळा लोंढा एकदम बसकडे येते आणि त्या रेटारेटीत खुर्ची कोणी चढवू देत नाही. एकाने आधीच्या बसने पुढे जाऊन गाडी काढून दाराशी आणायची, मागून आई येते. गाडी आणणाऱ्याने निघतानाच एसी लावून सीटवर ती साडीची पिशवी टाकून ठेवायची.